बिनतारी दिवे भरवशाचे राहावेत म्हणून: बोर्डातील न्यूट्रल, गजबजलेले चॅनेल आणि लाइट येते-जाते तेव्हाचे प्रश्न

दिवेलागण (पुणे), धागाकर्ता

नमस्कार. मोबाइलवरून, आवाजाने किंवा ठरावीक वेळी आपोआप लागणारे दिवे आता आपल्याकडे सहज मिळतात आणि ते बसवून देणारेही गावोगावी झाले आहेत. सुरुवातीला सगळे सुरळीत चालते. मग एखादा दिवा अधूनमधून ‘ऑफलाइन’ दिसू लागतो, दिवाणखान्यातील चारपैकी तीनच दिवे विझतात, रात्री लाइट जाऊन आली की झोपण्याच्या खोलीत लख्ख उजेड पडतो, आणि घरातील मोठी माणसे म्हणू लागतात की आमचे साधे बटणच परत लावून दे. ही मागणी मला रास्त वाटते. या धाग्यात कोणते उत्पादन घ्यावे यापेक्षा बसवलेली व्यवस्था वर्षानुवर्षे विनातक्रार कशी चालेल, यावर अनुभवी सभासदांनी लिहावे, अशी विनंती आहे.

माझे मत आधीच मांडतो. भिंतीवरील बटण दाबले की दिवा लागलाच पाहिजे. मग इंटरनेट बंद असो, हब (सर्व दिव्यांना जोडणारे मध्यवर्ती यंत्र) बंद असो किंवा फोन दुसऱ्या खोलीत राहिलेला असो. ही अट जी रचना पाळत नाही, ती कितीही सोयी देत असली तरी भरल्या घरात टिकत नाही. त्यामुळे हुशारी बल्बमध्ये ठेवायची की स्विचमागे, हा निर्णय सर्वांत आधी घ्यावा लागतो.

बल्बमध्ये ठेवली तर अडचण अशी की, सवयीने कोणीतरी भिंतीवरचे बटण बंद करते आणि बल्बचा वीजपुरवठाच तुटतो. झिगबी या घरगुती उपकरणांच्या बिनतारी पद्धतीवर चालणाऱ्या दिव्यांबाबत याचा परिणाम त्या एका दिव्यापुरता राहत नाही. झिगबीच्या जाळ्यात कायम विजेवर चालणारी उपकरणे इतरांचे संदेश पुढे पोचवतात, तर बॅटरीवर चालणारी बटणे आणि सेन्सर हे काम करत नाहीत. ते जवळच्या एखाद्या दिव्याला धरून राहतात. मधल्या खोलीतील बल्ब बटणावर बंद झाला की त्याच्या आधाराने बोलणारे मागच्या खोलीतील उपकरणही मुके होते. जाळे पर्यायी वाट शोधते हे खरे, पण त्याला वेळ लागतो, आणि काही जुने बॅटरीवरचे सेन्सर नवा आधार शोधतच नाहीत. ते पुन्हा पेअर करावे (जाळ्याशी नव्याने जोडावे) लागतात. रोज संध्याकाळी असे तुटत-जुळत राहिलेल्या जाळ्याकडून भरवशाची अपेक्षा करता येत नाही.

म्हणून स्वतःच्या घरात, वायरिंगला हात लावण्याची मुभा असेल तेथे, स्विचमागे बसणारे रिले मॉड्यूल (बिनतारी आज्ञेने वीज जोडणारे-तोडणारे छोटे यंत्र) किंवा पूर्ण स्मार्ट स्विच घ्यावा आणि होल्डरमध्ये साधा चांगला एलईडी बल्ब ठेवावा, असे मी सुचवीन. बटण नेहमीसारखे चालते, बल्ब गेला तर कोपऱ्यावरच्या दुकानातून नवा आणता येतो, आणि मॉड्यूलला सतत वीज मिळत असल्यामुळे ते जाळ्यात कायम हजर राहते. रंग बदलणारे किंवा संध्याकाळी उबदार होत जाणारे दिवे हवे असतील तर बल्बच हुशार लागतो. तेथे काय करावे, याबद्दल इतरांनी लिहावे.

तीन-वायर (नाशिक)

धागाकर्त्यांच्या मुख्य मुद्द्याशी सहमत आहे. मी वायरिंगचीच कामे करतो, म्हणून भिंतीच्या आतल्या बाजूबद्दल लिहितो. निम्म्या तक्रारी रेडिओच्या वाटतात आणि निघतात वायरच्या.

पहिला प्रश्न न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरचा. साध्या बटणाला फक्त फेज (वीज आणणारी वायर) लागते, पण स्मार्ट मॉड्यूल दिवा बंद असतानाही जागे असते, त्यामुळे त्याला फेज आणि न्यूट्रल दोन्ही लागतात. आपल्याकडील बहुतेक बोर्डांत बटणांच्या जोडीला प्लगचा सॉकेट असतो आणि त्या सॉकेटसाठी न्यूट्रल आधीच आलेला असतो. ही आपल्या पद्धतीची मोठी सोय आहे. अडचण येते ती फक्त बटणे असलेल्या छोट्या बोर्डांत, विशेषतः जिन्याच्या टू-वे बोर्डात, जेथे दोन बटणांमध्ये धावणाऱ्या वायरी असतात आणि न्यूट्रल थेट दिव्याकडे गेलेला असतो. अशा ठिकाणी मॉड्यूल बोर्डात कोंबण्यापेक्षा दिव्याजवळच्या जंक्शन बॉक्समध्ये बसवावे, कारण न्यूट्रल तेथे हमखास मिळतो.

न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूलेही मिळतात. ती स्वतःपुरता थोडा प्रवाह दिव्यातूनच वाहू देतात, त्यामुळे कमी वॅटचा एलईडी बंद असतानाही मंद पेटलेला दिसतो किंवा लुकलुकतो. दिव्याला समांतर बायपास कपॅसिटर लावला की हे बहुधा थांबते. तरीही न्यूट्रल आणणे शक्य असेल तर तेच करावे.

दुसरी गोष्ट मी आवर्जून सांगतो, कारण ती शोधायला फार त्रास होतो. बोर्डात न्यूट्रल नाही म्हणून शेजारच्या, पण वेगळ्या आरसीसीबीवरील (गळती झाल्यास वीज तोडणाऱ्या स्विचवरील) सर्किटचा न्यूट्रल उसना घेतला जातो. आरसीसीबीचे काम फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला प्रवाह सारखा आहे की नाही, हे पाहण्याचे असते. मॉड्यूलचा स्वतःचा वापर अवघा काही मिलिअँपिअर असतो, म्हणून एक मॉड्यूल लावल्यावर काहीच होत नाही आणि काम बरोबर झाले असे वाटते. अशी चार-पाच झाली, त्यात फ्रिज आणि गिझरची नेहमीची किरकोळ गळती मिळाली, की 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी अवेळी, काही कारण न दिसता पडू लागतो. शिवाय एका सर्किटचा एमसीबी बंद करून काम करणाऱ्या माणसाला दुसऱ्या सर्किटच्या न्यूट्रलमधून धक्का बसण्याचा धोका राहतो, तो वेगळाच. ज्या सर्किटची फेज, त्याच सर्किटचा न्यूट्रल, यात तडजोड करू नये.

तिसरे, रिलेची क्षमता. फॉल्स सीलिंगमध्ये आठ-दहा एलईडी पॅनेल एकाच बटणावर असतात. त्यांचे वॅट बेरजेत कमी दिसतात, पण प्रत्येक पॅनेलच्या ड्रायव्हरमधील (वीज पुरवणाऱ्या भागातील) कपॅसिटर सुरू होताक्षणी क्षणभर मोठा प्रवाह ओढतो आणि हे सगळे एकदम घडते. त्यामुळे लहान रिलेचे पॉइंट कालांतराने चिकटतात, ॲप ‘बंद’ दाखवते आणि दिवे मात्र चालूच राहतात. अशा ठिकाणी दिवे दोन भागांत विभागावेत किंवा विजेची लहर शून्यावरून जाताना जोडणी करणारे, जास्त क्षमतेचे मॉड्यूल घ्यावे.

बोर्डाची पेटी पत्र्याची असेल तर आतील अँटेनाचा आवाका कमी होतो. नवीन काम असेल तर खोल पीव्हीसी पेटी मागून घ्यावी.

भाड्याचे घर (ठाणे)

दोन्ही लेख उपयुक्त आहेत. मात्र माझ्यासारख्या भाडेकरूला बोर्ड उघडता येत नाही आणि घर बदलताना सर्व सामान सोबत न्यायचे असते. माझ्याकडे बल्बच आहेत. बटण कोणी बंद करू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली, तर पाहुण्यांना दिवा कसा लावायचा ते कळत नाही. यावर उपाय आहे का?

सोळा चॅनेल (बंगळूर)

भाड्याचे घर यांस: चिकटपट्टीऐवजी मूळ बटणावर बसणारे झाकण आणि त्याच जागी चुंबकाने किंवा दुहेरी चिकटपट्टीने लावलेले बॅटरीवरचे बिनतारी बटण, अशी जोडी वापरावी. हात सवयीने जेथे जातो, तेथेच बटण सापडले पाहिजे. झिगबीत ‘बाइंडिंग’ची सोय आहे, बटण थेट दिव्यांच्या गटाशी बांधता येते, म्हणजे दाबल्यावरचा संदेश हबला वळसा न घालता थेट दिव्यांकडे जातो आणि हब बंद पडला तरी दिवा लागतो. ही सोय प्रत्येक बटणात आणि प्रत्येक हबच्या ॲपमध्ये नसते, म्हणून घेण्याआधी खात्री करून घ्यावी. स्वतःच्या घरात रंगीत बल्बच हवे असणाऱ्यांसाठी आणखी एक मार्ग आहे. काही स्विच मॉड्यूलमध्ये रिले कायम जोडलेला ठेवून बटणाने फक्त संदेश पाठवण्याची सोय असते. बल्बची वीज कधी तुटत नाही आणि भिंतीवरचे बटणही जागेवर राहते.

आता रेडिओबद्दल, कारण मोठ्या सोसायटीत खरी लढाई तेथे आहे. झिगबी आणि थ्रेड (तशीच दुसरी बिनतारी पद्धत) ही दोन्ही आयईईई 802.15.4 या मानकावर आधारलेली असून 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. याच पट्ट्यात वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही असतात. झिगबीचे चॅनेल 11 ते 26 असे सोळा आहेत. वायफायचे 1, 6 आणि 11 हे तीन चॅनेल एकमेकांवर न चढता बसतात, आणि प्रत्येक जण साधारण 20 मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. हिशेब मांडला तर वायफायचा 1 हा झिगबीच्या 11 ते 14 वर पडतो, 6 हा 16 ते 19 वर आणि 11 हा 21 ते 24 वर. मध्ये उरतात 15 आणि 20, आणि टोकाला 25 आणि 26. यातील 26 वर काही उपकरणे कमी शक्तीने बोलतात, काही बोलतच नाहीत, म्हणून 15, 20 किंवा 25 यांपैकी एक निवडावा. फिलिप्स ह्यूचा ब्रिजही 11, 15, 20 आणि 25 एवढ्यांतूनच निवड करतो.

हे गणित एका अटीवर चालते: राउटरची 2.4 गिगाहर्ट्झची रुंदी 20 मेगाहर्ट्झवर पक्की केलेली असावी. ती 40 वर किंवा ‘ऑटो’वर असेल तर मधल्या फटी बुजून जातात. वायफायचा चॅनेलही ‘ऑटो’वर ठेवू नये. आज मोकळा असलेला भाग राउटर पहाटे स्वतःहून व्यापतो आणि सकाळी दिवे का अडखळतात, हे कोणालाच कळत नाही. शेजाऱ्यांचे राउटर आपल्या हातात नसतात. म्हणून संध्याकाळी, सगळी घरे जागी असताना, फोनवरील वायफाय ॲनालायझरने पाहावे आणि मगच चॅनेल ठरवावा. नंतर झिगबीचा चॅनेल बदलला तर झोपी जाणारी बॅटरीवरची उपकरणे बहुधा पुन्हा जोडावी लागतात, त्यामुळे हा निर्णय पहिल्याच दिवशी घेतलेला बरा.

हबची जागाही महत्त्वाची आहे. वायफाय राउटर झिगबीच्या मानाने अनेक पटींनी मोठ्या आवाजात बोलतो, म्हणून हब त्याला खेटून ठेवू नये. किमान एक-दोन मीटर अंतर असावे. जे संगणकाला यूएसबी डाँगल (झिगबीचा छोटा रेडिओ) लावून होम असिस्टंट हे घर-नियंत्रणाचे सॉफ्टवेअर चालवतात, त्यांनी डाँगल यूएसबी 3 च्या पोर्टापासून दूर न्यावा. यूएसबी 3 ची जोडणी 2.4 गिगाहर्ट्झच्या भागात गोंगाट करते. इंटेलने 2012 मध्येच यावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. मीटरभर लांबीची साधी यूएसबी एक्स्टेन्शन वायर हा यावरचा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत परिणामकारक उपाय आहे. ‘दिवे दूरच्या खोलीत पोचत नाहीत’ अशी तक्रार आली की मी आधी हेच विचारतो.

या गर्दीतून पूर्ण सुटका हवी असल्यास झेड-वेव्ह ही वेगळी बिनतारी पद्धत आहे. भारतात ते 865 मेगाहर्ट्झच्या आसपास चालते, भिंतींतून चांगले जाते, पण येथे उपकरणांची निवड तुटपुंजी आहे. अमेरिकेतून नातेवाइकांकरवी मागवलेली उपकरणे 908 मेगाहर्ट्झच्या आसपासची असतात. ती भारतीय हबशी बोलत नाहीत, आणि ती वारंवारता येथे वापरण्यास परवानगीही नाही.

जांभा चिरा (रत्नागिरी)

आमच्याकडे शेजाऱ्यांच्या वायफायचा त्रास नाही. आमचा प्रश्न विजेचा आहे. पावसाळ्याच्या तोंडावर लाइट जाते तेव्हा एकदाच जात नाही. येते, जाते, पुन्हा येते, पुन्हा जाते. अशा एका संध्याकाळनंतर पडवीतील आणि माजघरातील बल्ब ॲपमधून नाहीसे झाले आणि आपोआप लुकलुकू लागले. कंपनीच्या मदत केंद्राने बल्ब खराब आहेत असे सांगितले. बल्ब खराब नव्हते. अनेक बल्बना वेगळे रीसेट बटण नसते. ठरावीक वेळा झटपट बंद-चालू केले की ते जुनी जोडणी विसरून नव्याने पेअर होण्याच्या अवस्थेत जातात. आयकियाच्या बल्बसाठी सहा वेळा, काही वायफाय बल्बसाठी तीनच वेळा असे करावे लागते. विजेची ये-जा हेच काम माणसाच्या हाताशिवाय करून टाकते.

उपाय दोन सापडले. माजघरातील दिवे इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले आणि इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर ठेवला, म्हणजे बदल इतक्या लवकर होतो की बल्बला वीज गेल्याचे कळतच नाही. चौकोनी लहरीचा जुना इन्व्हर्टर असेल तर डिमर आणि मॉड्यूल गुणगुणतात, तापतात. साइन वेव्हचाच असावा. पडवीत मात्र बल्ब काढून स्विचमागे मॉड्यूल बसवले, आणि वीज आल्यावर पूर्वीची स्थिती ठेवण्याची सेटिंग दिली.

ही सेटिंग प्रत्येकाने पहिल्याच दिवशी तपासावी. वीज परत आल्यावर चालू, बंद की पूर्वीप्रमाणे, असे तीन पर्याय बहुतेक चांगल्या बल्बांत आणि मॉड्यूलांत असतात, आणि बल्बमध्ये कारखान्यातून येताना सहसा ‘चालू, पूर्ण उजेड’ असते. बल्ब भिंतीवरील बटणाने लागावा म्हणून ते तसे ठेवलेले असते, हे समजण्यासारखे आहे, पण रात्री दोन वाजता लाइट आली की सारे घर उठते. ज्या दिव्याला बटणाने वीज देण्याची गरजच उरलेली नाही, तेथे ‘पूर्वीप्रमाणे’ निवडावे.

राउटर, फायबरचा मोडेम आणि हब यांना 12 व्होल्टचा छोटा यूपीएस द्यावा. अडॅप्टरवरील व्होल्ट आणि अँपिअर जुळतात की नाही, ते पाहून घ्यावे. वीज आल्यावर दिवे क्षणात जागे होतात, राउटरला मिनिट-दोन मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात सगळे वायफाय दिवे एकदम दार ठोठावतात. राउटर विझलाच नाही तर हा गोंधळ टळतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर मेमरी कार्ड लावून हब चालवणाऱ्यांनी तर यूपीएसशिवाय राहूच नये. अचानक वीज जाऊन कार्डावरील माहिती बिघडली की नुसता हब नव्हे, साऱ्या जोडण्याही जातात. बॅकअप दुसऱ्या ठिकाणी ठेवावा.

टेम्सकाठ (लंडन)

येथील जुन्या घरांत बहुतेक ठिकाणी स्विचपाशी न्यूट्रल नसतो, तो छतातील दिव्यापाशी येतो. त्यामुळे तीन-वायर यांनी जिन्यासाठी सांगितलेला उपाय येथे घरभर लागू पडतो.

मला कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून राहण्याबद्दल लिहायचे आहे. ओस्रामने लाइटिफाय या दिव्यांचे सर्व्हर 2021 मध्ये बंद केले. एप्रिल 2022 मध्ये अमेरिकेतील इन्स्टिऑन या स्मार्ट-होम कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय बंद झाले आणि ॲप व वेळापत्रके यांवर विसंबलेल्या लोकांची व्यवस्था एका दिवसात कोलमडली. पुढे ग्राहकांच्याच एका गटाने ती मालमत्ता विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली. या दोन्ही प्रसंगांत दिवे आणि स्विच शाबूत होते. ज्यांचे नियंत्रण घरातल्या घरात होते, त्यांना झळ कमी लागली. म्हणून खरेदीपूर्वी एक चाचणी करावी: ओळखीच्या कोणाकडे ते उपकरण असेल तर त्यांच्या राउटरची बाहेरची फायबर जोडणी काढून ॲपमधून दिवा लागतो का, ते पाहावे.

ऑक्टोबर 2022 मध्ये पहिली आवृत्ती आलेल्या मॅटर या मानकाने येथे फरक पडला आहे, कारण त्यात नियंत्रण घरातील जाळ्यावरूनच होते. पण मॅटरचा शिक्का पाहून निर्धास्त होऊ नये. मॅटर ही उपकरणांची सामाईक भाषा आहे. ती वायफायवरून किंवा थ्रेडवरून बोलली जाते, आणि थ्रेडला सोळा चॅनेल यांनी सांगितलेले सगळे रेडिओचे नियम लागू राहतात.

दिवेलागण (पुणे), धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. वायफायच्या दिव्यांबद्दल थोडी भर घालतो. बहुतेक वायफाय बल्ब फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात आणि जुन्या चिपच्या बल्बना डब्ल्यूपीए 3 ही वायफायची नवी सुरक्षा-पद्धत समजत नाही. दोन्ही (2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ) पट्ट्यांना एकच नाव देणाऱ्या राउटरवर पेअर करताना म्हणूनच अडचण येते. फक्त 2.4 चे, डब्ल्यूपीए 2 वरचे वेगळे नाव तयार करून दिवे त्यावर ठेवावेत आणि प्रत्येकाला राउटरमध्ये कायमचा (आयपी) पत्ता राखून द्यावा. सेवा देणाऱ्या कंपनीकडून आलेला साधा राउटर आठ-दहा दिवे आणि घरचे फोन सांभाळू शकतो, पण संपूर्ण घराचे दिवे त्याच्यावर टाकू नयेत.

चारपैकी तीनच दिवे विझण्याचे कारण बहुधा गटाचा वापर न करणे हे असते. ॲप चार दिव्यांना चार स्वतंत्र आज्ञा पाठवते. गर्दीत एखादी हरवते. झिगबीमध्ये गट तयार केला की एकच आज्ञा सर्वांना एकाच वेळी जाते आणि दिवे एकापाठोपाठ एक लागण्याऐवजी एकदम लागतात. मात्र गटाची आज्ञा साऱ्या जाळ्यात पसरते, म्हणून एकाच क्षणी डझनभर गटांना आज्ञा देणारी दृश्ये (एका आज्ञेत बांधलेल्या दिव्यांच्या मांडण्या) करू नयेत; घरभर दिवे विझवायचे असतील तर ‘सर्व दिवे’ असा एकच गट करावा.

भाड्याचे घर (ठाणे)

सोळा चॅनेल यांनी सांगितल्याप्रमाणे बटणावर झाकण आणि त्यावर बिनतारी बटण लावले आहे, बाइंडिंगही झाले. हब बंद करून पाहिला, दिवा लागतो. एक शंका उरली: न्हाणीघराबाहेरील हालचाल ओळखणारा सेन्सर हबजवळ असताना चालतो, जागेवर नेला की काही तासांनी गप्प होतो.

सोळा चॅनेल (बंगळूर)

आपण तो हबच्या शेजारी ठेवून पेअर केला असावा. त्या वेळी त्याने हबलाच आधार मानले, आणि जागेवर नेल्यावरही तो तेथूनच हबला हाका मारतो आहे. सेन्सर जेथे लावायचा आहे तेथे ठेवून, जवळचा कायम चालू असणारा दिवा किंवा प्लग जाळ्यात असताना, त्याला पुन्हा पेअर करावे. जुनी नोंद काढून टाकण्याची गरज सहसा पडत नाही. वाटेत असा दिवा नसेल तर पॅसेजमधील सॉकेटला एक झिगबी स्मार्ट प्लग लावावा, आणि त्या सॉकेटचे बटण कोणी बंद करणार नाही, एवढे घरात सांगून ठेवावे.